चौदा दिवसांचं किट: अल्सरच्या जंतूवरचा कोर्स पहिल्याच खेपेला कसा पार पाडावा

काकांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “सात दिवसांचंच दे बाय. बरं वाटलं तर पुरे झालं.” चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात चौदा दिवस लिहिलेले. विचारत गेले तेव्हा कळलं की मागच्या वर्षीही हाच कोर्स दिला होता. पाचव्या दिवशी पोट शांत झालं, गोळ्या थांबवल्या, आणि उरलेल्या स्ट्रिपा अजून कपाटात आहेत. आता तीच जळजळ, तेच रात्री दोन वाजता पोटात खड्डा पडून उठणं, आणि तोच जंतू परत.

गोव्यात फोंड्याला फार्मसीच्या काउंटरमागे मी सोळा वर्षं उभी आहे. या एका औषधाबाबत मी गिऱ्हाइकाला उभं करून पाच मिनिटं बोलते, मागे रांग असली तरी. कारण पहिला कोर्स हीच सगळ्यात चांगली संधी असते. ती अर्धवट गेली की जंतू त्या औषधाला सरावतो आणि दुसऱ्या खेपेला तेच औषध चालत नाही. ती पाच मिनिटांची बोलणी इथे सविस्तर लिहिते आहे, ज्यांच्या हातात हे किट आयुष्यात पहिल्यांदा आलं आहे त्यांच्यासाठी.

आधी एवढं पक्कं करा की जंतू खरंच सापडला आहे

जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. रिपोर्टवर ‘एच. पायलोरी’ असं लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी तो १९८२ साली ओळखला. त्या काळी सगळे म्हणत, अल्सर होतो तो काळजीने आणि तिखटाने. आम्लात कुठला जंतू जगणार, म्हणून या दोघांवर कोणी विश्वास ठेवेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हे एवढ्यासाठी सांगते की आपल्याकडे अजूनही घरात अल्सर निघाला की पहिला ठपका माशाच्या हुमणाच्या तिखटावर आणि बाईच्या स्वयंपाकावर येतो. तिखटाने असलेली जखम झोंबते, हे खरं. पण जखम करणारे मुख्यतः दोघे: हा जंतू आणि दुखण्यावरच्या गोळ्या.

तपासण्याच्या वाटा तीन. दुर्बीण, म्हणजे एन्डोस्कोपी करून पोटाच्या अस्तराचा कण काढून बघतात. श्वासाची चाचणी, जिला यूरिया ब्रेथ टेस्ट म्हणतात. आणि शौचाची अँटिजेन चाचणी, जिच्यात जंतूचे अंश शोधतात. रक्ताची अँटिबॉडी चाचणीही असते, पण जंतू आज पोटात आहे की पूर्वी कधी येऊन गेला हे तिच्यावरून कळत नाही. नुसत्या त्या रक्ताच्या रिपोर्टवर कोणी चौदा दिवसांची अँटिबायोटिक्स लिहून दिली असतील, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “आधी शौचाची किंवा श्वासाची चाचणी करून बघूया का?”

श्वासाची चाचणी कशी चालते ते समजून घ्या, कारण पुढे तिचा उपयोग आहे. हा जंतू आम्लात टिकतो तो एका युक्तीने. यूरियाचे तुकडे करून तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो आणि अमोनियाचं कवच पांघरून आम्लात बसतो. चाचणीत तुम्हाला खूण केलेला यूरिया प्यायला देतात. जंतू असला तर तो फोडतो आणि ती खूण तुमच्या श्वासात उतरते. आता तुम्ही पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्लाची गोळी, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेत असाल तर जंतू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. म्हणून चाचणीच्या आधी दोन आठवडे ती गोळी बंद, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (पोटाच्या अस्तरावर थर धरणारं औषध) चार आठवडे बंद असावं लागतं. लॅबमध्ये हे कोणी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

सरकारी वाटेने जायचं असेल तर तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, किंवा म्हापशाचं नाहीतर मडगावचं जिल्हा इस्पितळ. जुने रिपोर्ट एका फाइलीत घेऊनच निघा.

काही खुणा असतील तर मात्र चाचणीच्या रांगेत थांबू नका. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ. घेरी येऊन पडणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. वजन आपोआप उतरत असेल किंवा घास गिळताना अडकत असेल, तर त्याच आठवड्यात दुर्बिणीची वेळ मागा.

इतक्या गोळ्या कशाला

“एका जंतूसाठी इतक्या?” हा प्रश्न रोजचा आहे. हा जंतू पोटाच्या चिकट अस्तरात खोल दडतो, तिथे औषध पोचणं कठीण. एकाच अँटिबायोटिकने त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. म्हणून किमान दोन अँटिबायोटिक्स एकाच वेळी लागतात. आणि आम्लाची गोळी जखम भरायला मदत करते तशीच अँटिबायोटिकलाही करते. आम्ल कमी झालं की औषध लवकर मोडत नाही, आणि जंतू वाढीला लागतो तेव्हाच अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखं औषध त्याला नीट मारू शकतं. म्हणूनच “जळजळ नाही, मग ती आम्लाची गोळी सोडू का?” याचं उत्तर नाही असं आहे. ती सोडली तर बाकीच्या गोळ्याही दुबळ्या पडतात.

चिठ्ठीवर साधारण दोनपैकी एक कोर्स असतो. पहिला तीन औषधांचा: आम्लाची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन, तिन्ही दिवसातून दोन वेळा. दुसरा चार औषधांचा: आम्लाची गोळी दोन वेळा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल दिवसातून तीन-चार वेळा. आपल्या देशात क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू बरेच आहेत, त्यामुळे आता अनेक डॉक्टर सुरुवातच चार औषधांनी करतात. मेट्रोनिडॅझोललाही आपले जंतू सरावलेले आहेत, जुलाब झाले की ती गोळी चघळल्यासारखी घेतली जाते त्याचंच हे फळ. पण बिस्मथची जोड आणि पुरेसा डोस असला की तो अडथळा बराच पार होतो. अलीकडे आम्ल दाबायला व्होनोप्राझान हे नवं औषधही लिहिलेलं दिसतं.

बाहेरदेशी असलेली आपली माणसं कधी एक वेगळी डबी घेऊन येतात. तिच्यात बिस्मथ, मेट्रोनिडॅझोल आणि टेट्रासायक्लिन एकाच कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं. पायलेरा हे त्यातलं एक नाव. तीन कॅप्सूल, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, सोबत ओमेप्राझोल दोन वेळा. औषध चांगलं आहे, पण ते ज्याच्या नावावर लिहिलं त्याच्यासाठी. लंडनहून मुलाने आणलेली डबी आईने आपल्या मनाने सुरू करायची नाही, आणि इथल्या किटसोबत तर मुळीच नाही.

डॉक्टरांना सांगायचं ते औषध घेण्याआधी सांगा

चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांसमोर बोलायच्या गोष्टी घरूनच एका कागदावर लिहून न्या. तिथे बसल्यावर अर्धं विसरायला होतं.

पेनिसिलिनच्या इंजेक्शनने किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनने कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, हे पहिलं. त्यानंतर, गेल्या काही वर्षांत खोकल्या-तापासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतली आहे का? ‘तीन दिवसांचा कोर्स’ म्हणून आपण सगळेच जी घेतो तीच. ती क्लॅरिथ्रोमायसिनची बहीण आहे. एकीला सरावलेला जंतू दुसरीलाही दाद देत नाही, म्हणून डॉक्टर ते ऐकून कोर्स बदलू शकतात. हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो, म्हणून तुम्हीच सांगा.

रोजच्या गोळ्यांची नावं वाचून दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनचं बऱ्याच औषधांशी पटत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत, जसं सिमव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, स्नायूंना इजा होऊ शकते. साखरेच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम खाली जाते. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीसोबत रक्तदाब उतरतो. गाउटवरच्या कोल्चिसिनसोबत तर विषबाधा होऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर तेही सांगा. यातलं कुठलं औषध चौदा दिवस थांबवायचं आणि कुठलं बदलायचं ते डॉक्टर ठरवतात. आपण आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करायची नाही.

गरोदर असाल, दिवस राहिल्याची शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर ते सांगितल्याशिवाय उठू नका. टेट्रासायक्लिन गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

आणि सांधेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, त्यांचे जोडप्रकार. गुडघेदुखीसाठी त्या रोज घेणारे लोक ‘दुखण्याची साधी गोळी’ म्हणून डॉक्टरांना सांगतच नाहीत, आणि अल्सर भरत का नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतात. या काळात दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालते. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र वेगळी. ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

दुकानात

पूर्ण कोर्स एकाच वेळी घ्या, चौदा दिवस लिहिले असतील तर चौदाच्या चौदा. अर्धे आज नि अर्धे पुढच्या आठवड्यात करायला गेलात तर तेव्हा तेच किट दुकानात असेलच असं नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर जन औषधी केंद्रात ही औषधं सुटी मिळतात का ते विचारा. डॉक्टरांना आधीच सांगितलंत तर ते औषधांची नावं सुटी लिहून देतात.

तीन औषधांचं तयार किट बहुधा एका दिवसाची एक स्ट्रिप अशा रूपात येतं. सकाळचा भाग वेगळा, रात्रीचा वेगळा. इथे एक खोच आहे. सगळी किट सारखी नसतात. एकात अ‍ॅमॉक्सिसिलिन ७५० मिलिग्रॅम असतं, काही डॉक्टरांना १ ग्रॅम हवं असतं. एकात क्लॅरिथ्रोमायसिन ५००, दुसऱ्यात २५०. काहींत अ‍ॅमॉक्सिसिलिनच नसतं, त्याजागी मेट्रोनिडॅझोलच्याच जातीचं टिनिडॅझोल असतं. म्हणून “ते नाही, हे घ्या, सेमच आहे” असं कोणी म्हणालं तर स्ट्रिपच्या मागची नावं आणि आकडे चिठ्ठीशी ताडून बघा. जुळत नसतील तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन करायला सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही, मी स्वतः असे फोन करते. टेट्रासायक्लिन अनेकदा मिळत नाही. त्याच्या बदली डॉक्सीसायक्लिन देणं योग्य नाही, कारण या जंतूवर तिचा तेवढा परिणाम होत नाही.

चिठ्ठीशिवाय हे औषध मागू नका. स्ट्रिपवर उभी लाल रेष दिसते ती त्याचसाठी. शेजारणीला याने बरं वाटलं म्हणून तिचं उरलेलं किट घेणं म्हणजे तिचाही कोर्स अर्धवट आणि तुमचाही.

दिवस ठरवून सुरू करा

फारच तातडी नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करायची तारीख निवडा. चौदा दिवसांत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते आहे का? घरी लग्न? श्रावणातले सोमवार, एकादशी, लईराईच्या धोंडांचं व्रत? या गोळ्या रिकाम्यापोटी मळमळतात, त्यामुळे कडक उपासाचे दिवस मध्ये आले की कोर्स तिथेच तुटतो. मुंबई-बेळगावचा रात्रीचा प्रवास असेल तर डोस हातपिशवीत ठेवा, बसच्या डिकीत नको.

सुरू करायच्या आदल्या रात्री मी लोकांना एक काम करायला सांगते. चौदाही स्ट्रिपा जेवणाच्या टेबलावर मांडायच्या, मार्करने प्रत्येकीवर तारीख लिहायची आणि त्यांना रबरबँड लावून ठेवायचं. सगळ्यात वरची आजची. संध्याकाळी घरातल्या कुणीही त्या गठ्ठ्याकडे नुसतं बघितलं तरी आजचा डोस झाला की नाही ते कळतं. गोळ्या आधीच काढून डबीत भरून ठेवू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कॅप्सूल दोन दिवसांत मऊ पडतात. चुलीजवळच्या फळीवरही नको.

रोजचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

किटमध्ये तिन्ही गोळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असल्याने लोक तिन्ही एकदमच गिळतात. आम्लाची नेहमीची गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी पोटात गेली तर ती नीट काम करते. अँटिबायोटिक्स खाल्ल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. म्हणजे सकाळी असं: सातला उठून तोंड धुतलं की फक्त आम्लाची गोळी, पाण्यासोबत, न चावता. साडेसातला पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेलेला असतो, पोई-भाजी किंवा पेज घ्या. शेवटचा घास झाला की लगेच दोन्ही अँटिबायोटिक्स. रात्रीही तसंच. आठला आम्लाची गोळी, साडेआठला जेवण, जेवून उठता उठता उरलेल्या दोन. दोन डोसांत साधारण बारा तास असावेत. व्होनोप्राझान लिहिलं असेल तर त्याला जेवणाआधीचं बंधन नसतं.

चार औषधांचा कोर्स असेल तर गोळ्या दिवसाला तेरा-चौदा होतात, चौदा दिवसांच्या मिळून जवळजवळ दोनशे. घाबरू नका, पण मनाची तयारी ठेवा. आम्लाची गोळी वरच्यासारखी, नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी. बाकीच्या नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि झोपताना अशा चार खेपांना बांधून टाका. वेळा डॉक्टरांनी वेगळ्या लिहिल्या असतील तर त्या पाळा. मोबाइलला चार अलार्म लावा. शेतावर किंवा कामाला जाणाऱ्यांनी दुपारचा डोस जेवणाच्या डब्याच्या झाकणावरच चिकटपट्टीने लावावा. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोने हे शोधून काढलं, आणि त्यांचा एकही डोस चुकला नाही.

टेट्रासायक्लिनचे चार नियम. दूध, दही, ताक, चीज यांच्यासोबत ती पोटात शोषलीच जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, गुलाबी-पांढरं अँटासिड पातळ औषध, यांच्यासोबतही नाही. मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. आता सकाळचा दुधाचा चहा कोणी सोडत नाही हे मला माहीत आहे. मग असं करा, नाश्त्याला कोरा चहा, आणि दुधाचा चहा दहाला आणि चारला. दुसरं, कॅप्सूल भरलेल्या ग्लासाने घ्या, एका घोटाने नको. अन्ननलिकेत ती अडकली तर तिथेच भाजल्यासारखी जखम करते. तिसरं, झोपतानाचा डोस म्हणजे दिवा मालवता मालवता घ्यायचा डोस नव्हे. घेऊन अर्धा तास तरी बसून राहा. चौथं, ऊन. या औषधावर त्वचा लवकर भाजते. होडीवर, मळ्यात, बांधकामावर किंवा शॅकमध्ये काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालावी.

अल्सरला दूध चांगलं, ही समजूतही इथेच मोडते. दूध घटकाभर थंडावा देतं, पण त्यानंतर आम्ल वाढवतं.

खाणं आणि पिणं

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. जे खाल्ल्यावर तुम्हाला झोंबतं ते चौदा दिवस बाजूला ठेवा, बाकी शीत-कढी, मासे, भाजी सगळं खा. कुणाला सोलकढी आंबट लागते, कुणाला तिच्यानेच बरं वाटतं. उपाशी राहू नका. विडी-सिगरेट जखम भरू देत नाही, ती सोडायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

दारूचं मात्र स्पष्ट सांगते. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना एक थेंबही नाही, आणि कोर्स संपल्यावर आणखी तीन दिवस नाही. तोंड लाल होणं, धडधड, डोकं फुटायला येणं, ओकाऱ्या असं होऊ शकतं. मार्च ते मे हुर्राकाचे दिवस, तेव्हा हे जास्त सांगावं लागतं. ‘औषधापुरती’ फेणीही दारूच, सर्दीला चमचाभर घेतली तरी. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, बाटली दाखवून विचारा. तीन औषधांच्या कोर्सवर असणाऱ्यांनीही भरायला आलेल्या जखमेवर दारू ओतू नये.

काय होईल, आणि त्यातलं काय साधं

तोंडाला पैसा चघळल्यासारखी धातूची चव येते, ती क्लॅरिथ्रोमायसिनची किंवा मेट्रोनिडॅझोलची. वेलची चघळा, कोर्स संपला की जाते. मळमळ होते, पोट थोडं सैल होतं. डॉक्टरांना विचारून सोबत प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जंतूंचं औषध) घेतलं तर जुलाब कमी राहतात. मेट्रोनिडॅझोलने लघवी गडद होते. बिस्मथने जीभ काळी पडते आणि शौचही काळी होते. पहिल्यांदा बघून माणूस हादरतो. या काळेपणात चिकटपणा आणि तो उग्र वास नसतो, आणि माणूस एरवी ठीक असतो. शौच डांबरासारखी चिकट असेल, सोबत घेरी, धडधड, अशक्तपणा असेल, तर ते बिस्मथ समजून घरी बसू नका.

अंगभर पुरळ, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला त्रास झाला की गोळ्या बंद करून थेट इस्पितळ. दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, त्यात रक्त किंवा सोबत ताप, हातापायांना मुंग्या, डोळे पिवळे होणं: त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जुलाबांचं हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं.

बाकी त्रासासाठी गोळ्या बंद करण्याआधी एक फोन करा. बहुतेक वेळा वेळ थोडी हलवून किंवा मळमळीची गोळी जोडून काम भागतं. कोर्स मोडण्याची वेळ फार क्वचित येते.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. लागोपाठ दोन-तीन चुकले असतील तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

पंधराव्या दिवसानंतर

जळजळ गेली म्हणजे जंतू गेला, असं नाही. आम्लाच्या गोळीने जळजळ जातेच. जंतू गेला की नाही हे फक्त चाचणी सांगते, आणि ती शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवड्यांनी, श्वासाची किंवा शौचाची. रक्ताची नाही, कारण रक्तातली खूण जंतू गेल्यावरही बराच काळ राहते.

तारखा अशा बांधा. १ जूनला सुरू केलंत तर १४ जूनला कोर्स संपतो. चाचणी १२ जुलैला किंवा त्यानंतर. आम्लाची गोळी पुढे चालू ठेवायला सांगितली असेल तर ती २८ जूनपासून बंद, पण आधी डॉक्टरांना विचारून, कारण रक्तस्राव झालेल्या किंवा मोठ्या अल्सरच्या रोग्याला ती थांबवणं चालत नाही. मधल्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर अँटासिडवर भागवा. अल्सर जठरात असेल तर तो भरला का हे बघायला पुन्हा दुर्बीण लागू शकते. ती टाळू नका. हा जंतू पोटाच्या कॅन्सरच्या कारणांमध्ये मोडतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला त्या यादीत टाकलं आहे.

घरातल्या बाकीच्यांना सरसकट गोळ्या देऊ नका. ज्यांना पोटाचा त्रास आहे किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला पोटाचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी तपासून घ्यावं. हात धुणं, पाणी स्वच्छ ठेवणं, तान्ह्याला आपल्या तोंडातला घास चावून न भरवणं, एवढं सगळ्यांनी पाळावं.

चाचणी पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ आली तर तेच किट परत आणायला दुकानात येऊ नका. दुसरा कोर्स वेगळ्या औषधांचा असावा लागतो, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन एकदा घेऊन झालं असेल तर. त्यासाठी डॉक्टरांना पहिल्या खेपेचं सगळं कळायला हवं. म्हणून एक रिकामी स्ट्रिप फेकू नका. तिच्या मागे सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि चुकलेले डोस लिहा आणि ती रिपोर्टच्या फाइलीत टाचून ठेवा. काकांच्या कपाटातल्या त्या जुन्या स्ट्रिपा मी त्यांना घेऊन यायला सांगितलं. त्या बघूनच त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर कोर्स बदलला, आणि चार औषधांचा गठ्ठा रबरबँड लावून मी त्यांच्या पिशवीत ठेवला.